एकदा जरी चिरकलीस तर

लग्नात बँडवाल्याला कुणी 'बसा' म्हणत नाही. मुहूर्त बारा पस्तीसचा असतो, आम्हाला नऊला बोलावतात, आणि नवरदेव अंघोळ करून, फेटा बांधून, फोटो काढून बाहेर येईपर्यंत साडेअकरा वाजतात. तेवढा वेळ आम्ही बँडच्या गाडीच्या चाकांना टेकून एकमेकांची इज्जत काढत बसतो. किस्से साठतात ते असे. एका सीझनचे किस्से पुढच्या सीझनला पुरून उरतात, आणि दरवेळी सांगताना मीठमसाला थोडा वाढतो. मी सांगते त्यात मसाला कमी आहे. कारण यातले बरेच किस्से माझ्याच फजितीचे आहेत, आणि स्वतःच्या फजितीला कोण मसाला लावत बसतं?

आमचा बँड अहमदपूरचा. अकरा गडी आणि मी. मालक चाचा. ते ट्रम्पेट वाजवतात आणि बाकीचा वेळ ओरडतात. ढोलावर बालाजी. त्याच्या काठीपेक्षा त्याची जीभ जोरात चालते. क्लॅरोनेट माझे वडील वाजवायचे, अण्णा. आता मी वाजवते.

'आता मी वाजवते' हे सांगायला तीन शब्द लागतात. ठरायला अख्खा सीझन लागला. हे किस्से त्याच सीझनचे.

* * *

सुरुवात अण्णांच्या दातांपासून करावी लागेल.

क्लॅरोनेट वाजवताना खालचा ओठ दातांवर दुमडायचा आणि वरचे दात माऊथपीसवर टेकवायचे, ही सगळ्या जगाची रीत, हे मला फार उशिरा कळलं. अण्णांच्या पुढच्या दातांनी पायरियामुळे एकेक करून राजीनामा दिला. शेवटचा दात अंबाजोगाईच्या रस्त्यावर टेम्पोत पडला. तो त्यांनी खिशात ठेवला आणि लग्न वाजवून आले.

मी त्यांना लातूरला दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टर तरुण होता, गोड बोलत होता. म्हणाला, काका, छान कवळी बसवू, भाकरी खाल, ऊस खाल. अण्णा म्हणाले, "खायचं मी बघतो. दात वाजवायला पायजेत."

डॉक्टरला वाटलं म्हातारा चेष्टा करतोय. अण्णांनी पिशवीतून क्लॅरोनेट काढलं, जोडलं, आणि तिथंच खुर्चीत आडवं पडून वाजवून दाखवलं, म्हणजे आवाज कुठून निसटतो ते त्याला कळावं. बाहेर बसलेल्या पेशंटांनी दार उघडून बघितलं. डॉक्टर बिचारा मनापासून कामाला लागला. तीन वेळा माप घेतलं.

कवळी आली. पहिल्याच लग्नात अण्णांनी वाजवता वाजवता घाम पुसायला क्लॅरोनेट तोंडातून काढलं, तर वरची कवळी माऊथपीसलाच चिकटून बाहेर आली. समोर नवरीकडची सगळी मंडळी उभी. बालाजीनं ढोल न थांबवता सांगितलं, "अण्णा, तुमचं क्लॅरोनेट हसायलंय."

अण्णांनी कवळी धुतली, डबीत ठेवली आणि पुन्हा कधी घातली नाही.

* * *

पण अण्णा हार मानणाऱ्यातले नव्हेत. ते घरी बसून दोन्ही ओठ आत दुमडून वाजवायला लागले. खाली ओठ, वर ओठ, दातांचा प्रश्नच मिटला. आवाज इतका मऊ यायचा की शिवणयंत्र चालवता चालवता माझे पाय आपोआप थांबायचे. (मी ब्लाऊज शिवते. बँड सीझनला, ब्लाऊज बारा महिने.) पण तो आवाज घरातल्या घरात. रस्त्यावर ढोल-ताशांपुढं तो पोचेना. हिरड्यांवर जोर येऊन रक्त निघायचं. शेवटी चाचाच म्हणाले, बस्स झालं अण्णा, आता आराम करा.

आमच्या घरात त्या दिवशी कुणी जेवलं नाही. अण्णा क्लॅरोनेट पुसून पेटीत ठेवताना मी बघितलं आणि मला त्यांचा, चाचांचा, त्या डॉक्टरचा, सगळ्यांचाच राग आला. दुसऱ्या दिवशी मी पेटी उघडली आणि म्हटलं, मला शिकवा.

अण्णांनी आधी नाही म्हटलं, मग दीड वर्ष शिकवलं.

मग मी चाचांसमोर जाऊन वाजवलं. चाचांनी डोळे मिटून ऐकलं. त्यांच्या पुतण्यानं तोवर नवाकोरा कीबोर्ड आणून दिला होता, क्लॅरोनेटचा आवाज त्यात एक बटण दाबलं की निघायचा. डोळे उघडून चाचा म्हणाले, "एक सीझन देतो, शोभा बेटा. पण परण्यात एकदा जरी चिरकलीस तर दुसऱ्या दिवशीपासून कीबोर्ड."

परण्या म्हणजे आमच्याकडे लग्नाआधी नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या पाया पडायला जातो ती मिरवणूक. पुढं बँड, मग नाचणारे, मग घोडा, शेवटी बायका. गावातला प्रत्येक माणूस दारात उभा राहून ऐकत असतो. चाचांच्या मते बँडची इज्जत तिथंच राहते किंवा जाते.

आणि क्लॅरोनेटची चिरकायची जागा ठरलेली आहे. खालच्या सुरांतून वरच्या सुरांत जाताना, जिथं आधी जवळजवळ सगळी भोकं उघडी असतात, तिथं एकदम सगळी बोटं झाकावी लागतात. एक बोट केसभर उशिरा पडलं की चिरकलंच. अण्णा त्या जागेला नाला म्हणायचे. "नाला बघून थांबली की पडली. पळत ये अन् उडी मार." लहानपणी मी शाळेच्या वाटेवरच्या नाल्यात तीनदा पडले होते, हे ते सोयीनं विसरले होते.

कीबोर्ड मात्र सीझनभर बँडच्या गाडीवर प्लास्टिकच्या कव्हरमध्ये आमच्यासोबत फिरला. बालाजी रोज सकाळी त्याच्यावरची धूळ पुसायचा आणि माझ्याकडे बघून म्हणायचा, "पाव्हणे बरे हायत."

* * *

आता पत्तीचं. क्लॅरोनेटचा जीव त्या वेताच्या पातळ पत्तीत असतो. दहा पत्त्यांची डबी आणली तर तीन जन्मतः चांगल्या निघतात, चार ब्लेडनं खरवडून, पॉलिश पेपरनं घासून वळणावर येतात, आणि उरलेल्या तीन कान कोरायच्या लायकीच्या. अण्णा पत्ती उजेडाला धरून बघायचे, जिभेवर ठेवायचे आणि सांगायचे, ही थंडीची, ही उन्हाळ्याची, ही नुसती दाखवायची.

पत्तीला नंबर असतो. दोन म्हणजे मऊ, तीन म्हणजे कडक. कडक पत्तीला फुंकर जास्त लागते, आवाज भारदस्त येतो. पहिल्या लग्नाला मी अण्णांना न विचारता तीन नंबर लावली. गडी तीन लावतात, मग मी का नाही? इज्जतीचा सवाल होता.

मे महिना, भर दुपारचं ऊन, अंगात गळ्यापर्यंत बटणं लावलेला लाल कोट. हा अण्णांचाच कोट, मी माझ्या मापाचा करून घेतला होता. चौथ्या चौकात माझ्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. ओठ आतून सोलपटून निघाले. मी पडले नाही, कारण मागून बालाजीनं ढोलाचा टेकू दिला. तसाच टेकू देत त्यानं मला मारुतीपर्यंत नेलं. चिरकले नाही एवढंच.

घरी आल्यावर अण्णांनी पत्ती काढून बघितली. ते रागावले नाहीत, हेच जास्त लागलं. म्हणाले, "पत्तीचा नंबर चपलेच्या नंबरासारखा असतो. मोठा घातला म्हणून कुणी मोठं होत न्हाई, नुसतं पडतं." मग त्यांनी दोन नंबरच्या सहा पत्त्या घासून दिल्या. ओठांना दात लागू नयेत म्हणून खाली चॉकलेटचा कागद घडी करून लावायलाही त्यांनीच शिकवलं. त्या सीझनला आमच्या घरात सगळ्यात जास्त चॉकलेटं अण्णांनी खाल्ली, दात नसताना.

* * *

मऊ पत्तीचा फायदा मला शिरूर अनंतपाळला कळला.

भर दुपारचा परण्या. नवरदेवाचा एक मित्र, पांढरे बूट, डोळ्यांवर गॉगल. सकाळपासून त्याचं एकच चाललं होतं, बाई आणली का बँडात, बाईचा दम कुठवर पुरणार. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. एक तर पोटासाठी आलेले, दुसरं म्हणजे चाचा बघत होते.

चौकात आल्यावर त्या पठ्ठ्यानं फर्मान सोडलं, नागीण वाजवा. आणि तोंडात रुमालाचं टोक धरून रस्त्यावर आडवा झाला.

आता नागिणीचा कायदा सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. पुंगी वाजतेय तोवर नागानं डोलायचं. पुंगीच्या आधी नाग उठला तर नागाची नाचक्की. मी दोन नंबरची पत्ती लावली होती, सावलीत उभी होते, मला घाई नव्हती. मी पुंगी सुरू केली.

पहिली दोन मिनिटं तो जोरात डोलला. शिट्ट्या पडल्या. मग डोलणं कमी झालं आणि कूस बदलणं वाढलं. मी लांब लांब सूर ओढत होते. ओठांच्या कोपऱ्यातून श्वास चोरायचा आणि सूर तुटू द्यायचा नाही, हे अण्णांनी दीड वर्ष माझ्याकडून घोटून घेतलं होतं. नाग कोपरांवर आला, मग गुडघ्यांवर. मी आणखी एक फेरी घेतली. गॉगल पडला. लोक मोजायला लागले.

शेवटी नागानं रुमाल तोंडातून काढला आणि हात जोडले. "ताई, बंद करा. डांबराचे चटके बसायलेत."

पुढच्या चौकात चाचांनी स्वतःच्या बाटलीतलं पाणी आधी मला दिलं.

* * *

मध्येच एक दिवस मी नांदेडला गेले. कुठल्याशा कॉलेजात सुट्टीत वाद्यांचं शिबिर होतं, मोठे संगीताचे सर येणार होते. मला वाटलं नाल्याचा काही इलाज विचारावा.

सरांनी माझं वाजवणं दोन मिनिटं ऐकलं आणि माझ्या तोंडाकडे वाकून बघितलं. मग सगळ्या वर्गाला जवळ बोलावलं. म्हणाले, बघा, ही चूक कशी असते ते बघा. या ताई वरचे दात माऊथपीसवर टेकवतच नाहीत, वरचाही ओठ दुमडून घेतात. ताई, असं का करता?

मला काही कळेना. मी म्हटलं, मग कसं करतात?

आणि तेव्हा भर वर्गात माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अण्णांना दात नव्हते. त्यांनी दोन्ही ओठ दुमडून शिकवलं. मी तसंच शिकले. माझ्या तोंडात बत्तीसच्या बत्तीस दात धडधाकट असताना दीड वर्ष मी बोळक्या माणसासारखी वाजवत होते, आणि आम्हा दोघांपैकी एकालाही हे सुचलं नव्हतं!

सरांनी दात टेकवून वाजवायला लावलं. आवाज मोठा आला, पण माझा वाटेना. पत्र्यावर पत्रा घासल्यासारखा वाटला. मी पुन्हा ओठ दुमडले. सर वैतागले, अशानं ओठ टिकणार नाहीत म्हणाले. मी म्हटलं, टिकवून बघते.

एस.टी.त बसून मी रडले, खोटं कशाला सांगू. कुणी चूक दाखवली म्हणून नाही. वर्ग हसला तेव्हा तो मला नाही, अण्णांना हसला असं वाटलं.

घरी येऊन मी अण्णांवर चिडले. म्हटलं, तुम्ही मला चुकीचं शिकवलं. जगात सगळे वरचे दात टेकवतात. तुम्हाला दात नाहीत, मला आहेत, एवढं तरी ध्यानात यायला हवं होतं.

अण्णा पत्ती घासत होते. त्यांनी शांतपणे विचार केला. "मग दात पाडून घे," म्हणाले आणि चहा मागितला.

* * *

उदगीरच्या लग्नातला किस्सा चाचा अजून कुणाला सांगू देत नाहीत. म्हणून सांगतेच.

व्यापारी घराणं, मोठं मंगल कार्यालय. नवरदेव दारात येतो तेव्हा आम्ही दाराशी उभे राहून वाजवतो. नवरीची आई ताट घेऊन आलेल्या सगळ्या सवाष्णींना हळदीकुंकू लावत होती. लावत लावत ती बँडपर्यंत आली आणि माझ्यासमोर थांबली. लाल कोट, सोनेरी फीत, डोक्यावर टोपी. बाईनं मला खालून वर बघितलं. मी वाजवत होते, दोन्ही हात अडकलेले.

मला वाटलं पुढं जाईल. तिनं माझी टोपी हळूच मागं सरकवली आणि कपाळाला कुंकू लावलं. माझ्या अंगावर काटा आला. किती लग्नं वाजवली, बँडवाल्याला चहा मिळतो, शिव्या मिळतात, पण कुंकू कधी कुणी लावलं नव्हतं.

तेवढ्यावर बाई थांबली नाही. तिनं नारळ आणि तांदूळ उचलले. ओटी भरायची, पण कोटाला पदर कुठला? ती इकडंतिकडं बघायला लागली. बालाजीला काय वाटलं कुणास ठाऊक, त्यानं काठ्या काखेत मारल्या, स्वतःच्या डोक्यावरची टोपी काढली आणि माझ्या पोटाशी उलटी धरली. बाईनं त्यात व्यवस्थित ओटी भरली.

ढोल अचानक बंद पडल्यामुळं चाचा पुढून किंचाळले, "अरे, ढोल कुठं मेला?"

बालाजी म्हणाला, "चाचा, दम धरा. आपल्या बँडाची ओटी भरायलेत."

* * *

पण सगळीच लग्नं काही उदगीरची नसतात.

कंधारला परण्या घरापासून थोडा पुढं आला, एवढ्यात नवरदेवाचे काका आले. कडक इस्त्री, मोठा फेटा. त्यांनी चाचांना बाजूला घेतलं, पण आवाज सगळ्यांना ऐकू येईल एवढा ठेवला. म्हणाले, नवरदेवाच्या पुढं बाई चालायला नको, आमच्यात चालत नाही. एक तर तिला काढा, नाहीतर मागं पाठवा, बायांच्याही मागं.

मी क्लॅरोनेट खाली केलं. माझे कान तापले. मला वाटलं, झालं, चिरकायच्या आधीच गेलं. चाचांना निमित्तच पाहिजे होतं.

चाचांनी ट्रम्पेट काखेत धरला. "तिला काढायचं तर मी काढीन," ते म्हणाले. "तुमी न्हाई."

मग ते गाडीकडं गेले, प्लास्टिकच्या कव्हरमधून कीबोर्ड बाहेर काढला आणि काकांच्या दोन्ही हातांवर आडवा ठेवला. म्हणाले, पुढं काहीतरी पाहिजे ना, हे घ्या. आणि आम्हाला हातानं खूण केली. अकरा गडी आणि मी, ढोल-ताशांसकट, नाचणाऱ्यांच्या, घोड्याच्या, बायकांच्याही मागं जाऊन उभे राहिलो. चाचांनी तिथून गाणं सुरू केलं.

आता नाचणारा माणूस बँडकडं तोंड करून नाचतो. पोरं वळली. नाचत नाचत आमच्याकडं यायला लागली. बायका बाजूला झाल्या. घोडा तर लग्नाचाच घोडा, त्याला इतक्या वर्षांत एकच गोष्ट शिकवलेली, आवाजामागं जायचं. त्यानंही तोंड फिरवलं. नवरदेव लगाम ओढतोय, घोडा ऐकेना. चाचा वाजवत वाजवत मागं सरकत होते. बघता बघता अख्खा परण्या मारुतीकडं पाठ करून नवरदेवाच्या घराकडं निघाला.

तिकडं पुढं मोकळ्या रस्त्यावर काका एकटे, हातात कीबोर्ड.

ते तसेच पळत आले. घामाघूम झाले होते. चाचांशी बोललेच नाहीत, सरळ माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"बाई, पुढं व्हा. नवरदेव घरी चाललाय."

मी पुढं झाले. मारुतीपर्यंत एवढ्या तोऱ्यात चालले की बालाजी म्हणाला, घोड्यावर तूच बस.

त्या दिवशी टेम्पोत मी चाचांना विचारलं, म्हणजे आता माझी जागा पक्की का? चाचांनी खिडकीबाहेर बघत सांगितलं की त्याचा याच्याशी काही संबंध नाही. चिरकलीस तर कीबोर्ड. जबान म्हणजे जबान.

* * *

सीझनचा शेवटचा परण्या आमच्याच अहमदपूरला होता.

परक्या गावात वाजवणं सोपं असतं. इथं दर दुसरं दार ओळखीचं. माझ्याकडे ब्लाऊज शिवणाऱ्या बायका गच्चीवर उभ्या होत्या. अण्णा मारुतीच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते, नवं धोतर नेसून. सीझनभर त्यांनी मला रस्त्यावर ऐकलंच नव्हतं. उन्हाचं कारण सांगायचे. खरं कारण आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

सगळा सीझन मी एकदाही चिरकले नव्हते. हा एक परण्या नीट पार पडला की बँडातली माझी जागा पक्की होणार होती.

मारुतीसमोर परण्या थांबला. नवरदेव घोड्यावरून उतरायच्या आधी एक गाणं पूर्ण वाजवायची आमची पद्धत आहे. त्यात पहिलं कडवं एकट्या क्लॅरोनेटचं. मी सुरू केलं. नाचणारे थांबून ऐकायला लागले. मी अण्णांकडं बघितलं. त्यांचे दोन्ही ओठ आत दुमडलेले होते आणि मांडीवर बोटं चालली होती. माझ्याबरोबर तेही वाजवत होते.

ते बघायला नको होतं. माझं लक्ष त्यांच्या बोटांवर गेलं, आणि नाला आला.

चिरकलं. बारीकसारीक नाही. गंजलेलं फाटक उघडावं तसं, साऱ्या चौकाला ऐकू जाईल असं. घोड्यानं कान टवकारले. गच्चीवर कुणीतरी हसलं. अण्णांची बोटं मांडीवर थांबली.

मी थांबले नाही. पडल्यावर बसून राहायचं नसतं एवढं मला येत होतं. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि पुढचे सूर मी नुसते अंदाजानं काढत होते. चाचा माझ्या डाव्या हाताला उभे. त्यांच्याकडं बघायचं धाडस होईना. चाचांचा ट्रम्पेट उभ्या आयुष्यात एकदाही चिरकलेला नाही, हे अहमदपुरात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. ते स्वतःच सांगत फिरतात.

कडवं संपलं. तीच ओळ परत आली, आता सगळ्या बँडची. मी पळत आले, उडी मारली, नाला स्वच्छ ओलांडला.

आणि नेमक्या त्याच जागी, माझ्या डाव्या बाजूला, चाचांचा ट्रम्पेट चिरकला. तस्साच. तेवढाच लांब, तेवढाच वाईट.

मला आधी वाटलं भास झाला. ओळ पुन्हा आली. आता चाचांनी मागं वळून भुवई उडवली, आणि त्या जागेवर ट्रम्पेट, दोन्ही कॉर्नेट, सॅक्सोफोन, सगळे एकदम चिरकले. बालाजीनं त्यावर ढोलाचा एक ठोका टाकला. नाचणाऱ्या पोरांनी ती जागा पकडली. चौथ्या फेरीला ते चिरकायच्या जागेची वाट बघत खाली बसायला लागले आणि चिरकलं की हात वर करून उड्या मारायला लागले. अण्णा खुर्चीतून उठून उभे राहिले होते.

गाणं संपल्यावर नवरदेवाचा भाऊ गर्दीतून चाचांपाशी आला. म्हणाला, "चाचा, मधी ते बाईचं चिरकलं का हो?"

चाचांनी ट्रम्पेट उलटा करून आतलं पाणी झटकलं.

"कोन चिरकलं?" ते म्हणाले. "ते गाणं तसंच हाय."